क्षमावणीचं कार्ड

वाई
१४ जून २०२५

विहीणबाई गुणमालाताई यांस राहीबाईचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण माझा फोन जयराजनं घेऊन दिलेला आहे, आणि त्यावरून मी कोणाशी बोलले ते त्याला त्याच्या फोनवर दिसतं. म्हणून पत्र. सुभेदार सीमेवर होते तेव्हा अठरा वर्षं मी पत्रांवर संसार केला, त्यामुळे या कामाला मी नवखी नाही. तुम्ही मास्तरीण होता, तेवढं लाल पेन घेऊन बसू नका.

कीर्ती मंगळवारी न सांगता गेली. समडोळीला पोचली हे मला टीव्हीवरून कळलं. पोलिसात कागद दिला हेही टीव्हीवरूनच. ताई, नवराबायकोत भांडण कुठं होत नाही? जयराज तापट आहे, हे मी लग्नाच्या बोलणीतच तुम्हाला सांगितलं होतं. मालिकेत मेजर झाल्यापासून वाईत त्याला जयराज म्हणून कोणी हाकच मारत नाही. भाजीवालीसुद्धा मेजर म्हणते. घरात आल्यावर बायकोनं साधं जयराज म्हटलेलं मग त्याला खुपतं.

परवापासून फाटकाशी माणसं उभी आहेत. एक जण माईक घेऊन मला विचारतो, "आज्जी, सून कशी हाय ओ तुमची?" मी म्हटलं, सून चांगली आहे, पोरगाही चांगला आहे. माझं पहिलं वाक्य त्यांनी कापलं.

त्या सोमवारी मी घाटावर गेले होते, मला काही ठाऊक नाही. पोरीला समजावा आणि कागद मागे घ्यायला लावा. गोष्ट फार पुढे गेली तर आपल्या हातात राहणार नाही.

तुमची
राहीबाई जमदाडे


समडोळी
२२ जून

राहीबाई यांस जय जिनेंद्र.

लाल पेन मी निवृत्त झाले त्याच दिवशी शाळेत ठेवून आले, पण खोटं वाक्य दिसलं की अजून हात शिवशिवतो. तुम्ही घाटावर नव्हता. कीर्ती म्हणते, आई त्याच खोलीत होत्या.

तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि मलाही दाखवलं. डावीकडून हाक मारली की ती उजवीकडे बघते. त्या दिवशीच्या दवाखान्याच्या कागदावर मात्र "पायरीवरून पडून" असं लिहिलं आहे. ते कोणी सांगितलं?

तीन वर्षांपूर्वी तुमच्या मुलानं आमच्या ओसरीत बसून सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलं होतं. म्हणाला, "या घरातली रीत ती माझी रीत." मी त्या एका वाक्यावर मुलगी दिली. आता वाटतं, ते पाठ केलेलं असणार.

तापट माणूस डायरेक्टरवरही तापतो. तुमचा मुलगा तिथं कधी तापल्याचं ऐकलं नाही. कागद मागे घेणार नाही.

गुणमाला मगदूम


वाई
११ जुलै

गुणमालाताई यांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. राग धरू नका. यापुढे घराच्या पत्त्यावर पाठवू नका. "रंगुबाई, फुलांचं दुकान, गणपती घाट, वाई" असं लिहा. रोज सकाळी मी तिच्याकडून फुलं घेते. भली बाई आहे, तोंड उघडणार नाही.

इथली तऱ्हा काय सांगू? रविवारी दोनशे बायका ताटं घेऊन आल्या. जयराजला फाटकात उभा करून ओवाळलं. एकीच्या पाठीवर तान्हं होतं. ती मला म्हणाली, "आवं आत्या, आमचं मालक रोज पिऊन येत्यात, तरी आमी न्हाई कुटं गेलो. मेजरांसारखा नवरा असता तर पाय धुऊन पाणी प्याली असती." मी तिच्या हातातल्या बांगड्या बघत होते. चार बांगड्यांच्या वर मनगट हिरवं-पिवळं होतं. ती ओवाळत होती आणि रडत होती.

रिक्षांच्या मागे चिकटवायचे कागद निघाले आहेत, "मी मेजरसोबत". मालिका आधी रडतखडत चालली होती, आता पहिल्या पाचात आली म्हणे. चॅनेलवाल्यांनी पेढे पाठवले.

घरातली कामवाली जयराजनं काढून टाकली. फाटकाची किल्ली तो स्वतःकडे ठेवतो. माझ्याशी फार गोड बोलतो. जेवताना माझ्या पानात तूप वाढतो आणि विचारतो, "आई, तू सोमवारी कुठं होतीस?" मी म्हणते घाटावर. मग तो म्हणतो, "शाब्बास." रोज विचारतो.

राहीबाई


समडोळी
३ ऑगस्ट

राहीबाई यांस जय जिनेंद्र.

तुमचं पत्र कीर्तीला वाचून दाखवलं. "शाब्बास" ऐकल्यावर ती उठून आत गेली. तिलाही तो असंच म्हणायचा.

आता आमचं ऐका. टीव्हीवर चार शहाणे तासभर एकच फोटो मोठा करून बघत होते. मे महिन्यातला, तुमच्या घाटावरचा. त्यात कीर्ती हसते आहे. "मार खाणारी बाई असं हसेल का?" आमच्या गल्लीतल्या पोरी तोच प्रश्न एकमेकींना विचारतात, आणि मी घराबाहेर पडले की गप्प होतात. कीर्तीला मालिकांच्या कपड्यांचं काम मिळायचं, ते सगळीकडून थांबलं. फोनवर येणाऱ्या शिव्या मी वाचल्या आणि फोन धान्याच्या डब्यात ठेवून दिला. शिव्या देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, याचं मला वाईट वाटतं. लाज म्हणत नाही, वाईटच वाटतं.

गेले आठ दिवस दुपारी एक पांढरी गाडी येऊन समोरच्या चिंचेखाली थांबते. कोणी उतरत नाही. मागे तुमच्या मुलाचा मोठा फोटो आहे, गणवेशातला. ह्यांनी जाऊन विचारलं तर काच खाली करून म्हणतात, "काका, सावलीला थांबलोय."

सांगलीच्या कोर्टात पंधरा ऑक्टोबरला तारीख आहे. संरक्षणाचा आदेश मिळाला तर तुमचा मुलगा आमच्या दाराशी येऊ शकणार नाही, तिला गाठू शकणार नाही. आमच्याकडे कान आहे, पण त्यांच्याकडे दवाखान्याचा कागद आहे. खोलीत तिसरं माणूस एकच होतं. मी हात जोडून विचारते, तुम्ही याल का?

गुणमाला


समडोळी
८ सप्टेंबर २०२५

|| क्षमावणी ||

श्री. जमदाडे परिवार, वाई यांस सस्नेह जय जिनेंद्र.
दशलक्षण पर्वाची सांगता झाली. सरत्या वर्षात आमच्याकडून कळत नकळत, कायेनं, वाचेनं वा मनानं आपलं मन दुखावलं गेलं असेल तर आम्ही सर्वजण अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.
धन्यकुमार मगदूम व परिवार

(खाली, हातानं)
जयराज, माझ्या बोलण्यानं तुला दुखावलं असेल तर मनापासून क्षमा मागते. – कीर्ती


वाई
१३ सप्टेंबर

गुणमालाताई,

कोणत्या तोंडानं लिहू?

ते कार्ड घराच्या पत्त्यावर आलं. मागची दोन वर्षंही आलं होतं, पण मला वाटलं, दिवाळीच्या शुभेच्छांसारखं काहीतरी असेल. न वाचता आरशामागे खोचून ठेवलं होतं. यंदा मात्र अक्षर न् अक्षर वाचलं. पोरीनं हातानं लिहिलं आहे, क्षमा मागते. ताई, मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली. वाटलं, पोरगी एक पाऊल मागे आली, आता ह्यालाही एक पाऊल मागे आणते. मी स्वतः, माझ्या हातानं ते कार्ड जयराजला दाखवलं. म्हटलं, "बघ, तिनं मन मोठं केलं. आता तूही चार शब्द नमतं बोल."

त्यानं दोनदा वाचलं. माझ्या पाया पडला. मग कार्ड खिडकीत उजेडाला धरून फोटो काढला.

पुढचं तुम्ही बघितलंच असेल. "कीर्तीचा माफीनामा." छापलेल्या ओळी त्यांनी दाखवल्याच नाहीत, नुसती तिची ओळ. दिवसभर तीच ओळ, मागे सनई. फाटकाशी फटाके वाजले. जयराज कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत म्हणाला, "मी तिला कधीच माफ केलंय. दिवाळीच्या पाडव्याला मी स्वतः माझ्या लक्ष्मीला घरी आणणार." चॅनेल ते सगळं थेट दाखवणार आहे. दोन गाड्या आणि बँड ठरला आहे.

पोरीनं खरंच माफी मागितली नव्हती का, ताई? मला नीट सांगा.

राहीबाई


समडोळी
१७ सप्टेंबर

राहीबाई,

नीट सांगते.

पर्व संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. शेजाऱ्याची, दूधवाल्याची, वर्गातल्या पोरांची, पायाखाली आलेल्या मुंगीचीसुद्धा. मी वीस वर्षं माझ्या हेडमास्तरांची मागितली आणि त्या माणसानं मला जन्मभर छळलं. क्षमा मागायची ती आपलं मन धुवायला. त्यानं समोरच्याचा गुन्हा धुतला जात नाही.

ह्यांच्याकडे शंभर पत्त्यांची वही आहे. मी म्हटलं होतं, यंदा जमदाडे वगळा. हे म्हणाले, "अगं, ज्यांच्याशी वाकडं आलंय त्यांनाच तर आधी पाठवायचं असतं." कार्डं ताटात ठेवून सगळ्यांनी सह्या केल्या, दरवर्षीसारख्या. कीर्तीनं ती ओळ लिहिली तेव्हा मी शेजारी बसून तिकिटं चिकटवत होते. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. आमच्यात ती कोणालाही आली नसती, आणि हीच आमची चूक. घराबाहेर आपली रीत कशी वाचली जाईल, याचा आम्ही विचारच केला नाही.

आता ऐका, काय झालं ते. त्यांच्या वकिलांनी कार्ड कोर्टात लावलं आहे, कबुलीजबाब म्हणून. काल समाजातली चार वडीलधारी माणसं आली. म्हणाली, "क्षमा मागितलीच हाय तर पोरीला नांदायला धाडा की. पाडव्याला एवढी मोठी माणसं दारात येणार, टीव्हीवर गावाचं नाव येणार." ह्यांनी मान खाली घातली. माझा नवरा कोणाला नाही म्हणू शकत नाही. सरपंचांनी रस्त्यावर मुरूम टाकायला घेतला आहे, गाड्यांसाठी.

 आज सकाळी कीर्ती एवढंच म्हणाली, "मम्मी, कॅमेऱ्यासमोर तो माझा हात धरेल. तेव्हा मला हसावं लागेल."

पंधरा ऑक्टोबरला आदेश मिळाला नाही तर पाडव्याला, बावीस तारखेला, ती त्या गाडीत बसलेली असेल. मी तुमच्यावर रागावले आहे, फार रागावले आहे. पण तुमच्याशिवाय आम्हाला कोणी नाही.

गुणमाला


वाई
२९ सप्टेंबर

गुणमालाताई यांस,

घाटावर बसून लिहिते आहे. वाचून झालं की जाळा. कोणाला दाखवू नका.

आठ जूनला कराडला बायकांचा मेळावा होता. स्टेजवर निवेदिकेनं कीर्तीला विचारलं, "मेजर घरी चहा करतात का हो?" पोरगी हसत म्हणाली, "मेजरांना गॅस कुठून पेटतो तेही ठाऊक नाही." सगळा मांडव हसला. जयराजही हसला. येताना गाडीतही हसत होता. त्याचं ते हसणं मी ओळखत होते, तरी घरी येऊन सरळ झोपले.

नऊ तारखेला सकाळी अकराला त्यानं तिला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाला, "दाखव, कुठून पेटतो." मी तिथंच लसूण सोलत होते. तिनं बटण फिरवलं. त्यानं तिच्या कानाखाली मारली. म्हणाला, "दिसलं नाही, परत दाखव." असं पाच वेळा. मी मोजलं. बाहेर शूटिंगची गाडी हॉर्न वाजवत होती. पाचव्या वेळी ती खाली पडली आणि कानातून रक्त आलं. तेव्हा मी उठले. त्याच्या आधी उठले नाही. ताई, मी चार वेळा बसून राहिले.

दवाखान्यात पायरीवरून पडली असं जयराज म्हणाला, आणि मी मान डोलावली. तो आठ वर्षांचा असताना सुभेदार रजेवर येऊन गेले की मी त्याला हेच सांगायची, "आई पायरीवरून पडली." त्यानं ते वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं. मीच शिकवलं त्याला.

मी कोर्टात येऊ शकत नाही. एकटीनं मला तो घाटापर्यंतच सोडतो, आणि घड्याळ लावून सोडतो. तुम्हाला खरं कळावं एवढंच.

राहीबाई


समडोळी
४ ऑक्टोबर

राहीबाई,

तुमचं पत्र मी जाळलं नाही. काल वकिलांना दिलं.

तुम्ही विश्वासानं लिहिलंत आणि मी तो मोडला. दोन रात्री झोपले नाही. एका पारड्यात तुम्ही, दुसऱ्यात माझी मुलगी. मी आई आहे, ते पारडं कुठं झुकणार हे तुम्हालाही कळतं. पण तुम्हाला त्या घरात ठेवून मी हे करणार नाही.

पत्राची प्रत त्यांच्या वकिलांना द्यावी लागते. ती दहा तारखेला जाईल. त्याच्या आत तुम्ही तिथून निघा. नऊ तारखेला सकाळी आठपासून हे वाईच्या स्टँडवर उभे राहतील, सांगलीच्या गाडीचं तिकीट काढून. घाटावरून सरळ स्टँडवर या. पिशवीसुद्धा घेऊ नका. आमच्या घरात तुमच्यासाठी खोली झाडून ठेवली आहे. कीर्तीनं झाडली.

ती म्हणाली, "आईंना सांग, पाचव्या वेळी का होईना, त्या उठल्या."

याच. मी वाट बघते.

गुणमाला


वाई
१२ ऑक्टोबर

सौ. गुणमाला धन्यकुमार मगदूम यांस,

तुमचं चार तारखेचं पत्र रंगुबाईनं आठ तारखेला जयराजच्या हातात दिलं. त्यानं तिच्यासोबत फोटो काढला, तो तिनं दुकानात लावला आहे. पत्र जयराजनं मला वाचून दाखवलं, सबंध. तुमचे मालक नऊ तारखेला दिवसभर स्टँडवर उभे होते, तेही त्यानं मला गाडीच्या काचेतून दाखवलं. त्यांना सांगा, उन्हात उभं राहू नका. मी कुठं जात नाही.

वकिलांनी मजकूर टाईप करून आणला होता, मी नुसती सही करायची होती. जयराज म्हणाला, "टाईप केलेलं कोण बघतं? त्या कार्डासारखं हातानं लिहिलेलं दाखवलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. आई, तू तुझ्याच अक्षरात लिही." तो म्हणतो ते खरं आहे. म्हणून लिहिते. तो शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचतो आहे.

मी राहीबाई लालासाहेब जमदाडे लिहून देते की, २९ सप्टेंबरचं पत्र माझं नाही. ते कोणीतरी माझ्या नावानं बनवलेलं आहे. नऊ जूनला सकाळी अकरा वाजता मी स्वयंपाकघरात लसूण सोलत नव्हते, मी घाटावर होते. माझ्या मुलानं सुनेवर पाच वेळा हात उचलला नाही. सून पायरीवरून पडली.

ते अक्षर माझं नाही. माझं अक्षर कसं असतं ते जजसाहेबांना कळावं म्हणून हा सगळा मजकूर मी कोणाची मदत न घेता लिहिला आहे. त्याची झेरॉक्स लावू नका. हाच कागद त्यांच्या हातात द्या आणि माझ्या नावावर खपवलेलं ते पत्र त्याच्या शेजारी ठेवा. एकेक अक्षर ताडून बघा म्हणावं. मला घाई नाही.

जयराज म्हणाला, "शाब्बास, हे फार चांगलं लिहिलंस." फोटो काढून घेऊन पाकीट तो स्वतः तुमच्या पत्त्यावर रजिस्टर करणार आहे.

राहीबाई लालासाहेब जमदाडे